पाच एमएलडीचं दहा करायचंय? आधी चार दिवस फिल्टर हाऊसला बसा

नाशिकच्या आसपासचं कुठलंही वाढतं गाव घ्या. ओझर, पिंपळगाव, सिन्नर, इगतपुरी. जिथे परवापर्यंत द्राक्षबाग नाहीतर भाताचं खाचर होतं, तिथे आता ‘टू बीएचके, चोवीस तास पाणी’ असा फलक लागलाय. फलक लावणारा बिल्डर फ्लॅट विकून मोकळा होतो, पाणी द्यायचं नगरपरिषदेने. त्या नगरपरिषदेत नुकतेच रुजू झालेले कनिष्ठ अभियंता तुम्ही. पहिल्याच आठवड्यात साहेब बोलावून सांगतात, “पाच एमएलडीचं जलशुद्धीकरण केंद्र आहे, दहाचा प्रस्ताव करा.” (एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर.) हा लेख त्या संध्याकाळी वाचायचा.

माझी उमेद जॅकवेल (नदीतून पाणी उचलायची विहीर) आणि फिल्टर हाऊस (वाळूच्या गाळण्यांची इमारत) यांत गेली. त्यातून शिकलो ते इतकंच की जलशुद्धीकरण केंद्राची क्षमता पाटीवर लिहिलेली नसते. नदीपासून संपापर्यंतच्या, म्हणजे शुद्ध पाण्याच्या टाकीपर्यंतच्या साखळीत जी कडी सगळ्यात अरुंद, तेवढीच केंद्राची क्षमता. ती कडी सापडेपर्यंत सल्लागाराला फोनसुद्धा करू नका.

पहिली पायरी: आहे ते मोजा

फ्लोमीटर बघाल तर बहुतेक ठिकाणी काटा कधीचाच अडकलेला. हरकत नाही. टेप आणि घड्याळ घ्या. समजा शुद्ध पाण्याचा संप १२ बाय १० मीटर आहे. वितरणाचे पंप पाच मिनिटं बंद ठेवा आणि पातळी किती चढते ते बघा. १५ सेंटिमीटर चढली तर १८ घनमीटर पाणी आलं, म्हणजे तासाला २१६ घनमीटर. चोवीस तासांचा हिशेब केला तर ५.२ एमएलडी. वा, केंद्र तर पूर्ण क्षमतेने चाललंय!

आता वीज किती तास असते ते लॉगबुकात बघा. जॅकवेलवर अठरा तास असेल तर हेच केंद्र दिवसाला ३.९ एमएलडी देतं. गावात ओरड आहे ती हरवलेल्या सव्वा एमएलडीची, आणि त्याचं औषध नवा क्लॅरिफायर (गाळ खाली बसवायची टाकी) नसून एक्सप्रेस फीडर (फक्त पंपांसाठीची स्वतंत्र वीजवाहिनी) आहे. त्याचा खर्च नव्या केंद्राच्या पासंगालाही पुरत नाही. फक्त त्याचं भूमिपूजन जरा लहान होतं.

मग उलट्या दिशेने चाला. संपापासून फिल्टर, फिल्टरपासून क्लॅरिफायर, तिथून फ्लॅश मिक्सर (जिथे पाण्यात तुरटी मिसळते), मग रायझिंग मेन (कच्चं पाणी केंद्रापर्यंत चढवणारी वाहिनी), शेवटी जॅकवेल. प्रत्येक ठिकाणी विचारायचं, ‘उद्या दुप्पट पाणी आलं तर इथे काय होईल?’ उत्तर वहीत लिहा. फिल्टर धुताना हजर राहा. वाळूवर चिखलाचे गोळे दिसतात का, धुताना खालून सोडलेली हवा सगळीकडे सारखी उसळते की एका कोपऱ्यात कारंजं आणि बाकी बेड (वाळूचा कप्पा) मुका, हे डोळ्यांनी बघायचं काम आहे. रात्रपाळीच्या ऑपरेटर काकांसोबत चहा घ्या. त्यांना जे माहीत असतं ते कुठल्याच अहवालात नसतं.

दुसरी पायरी: मागणीचं गणित

हे अर्ध्या तासाचं काम आहे, उगाच बाऊ नको. जलशुद्धीकरण केंद्राचा संकल्प, म्हणजे आराखडा, पंधरा वर्षांपुढची लोकसंख्या धरून करतात, जलवाहिनीचा तीस वर्षांपुढची. भुयारी गटार असलेल्या किंवा होऊ घातलेल्या शहराला माणशी दिवसाला १३५ लिटर धरायचे.

समजा पंधरा वर्षांनी गाव ६२ हजारांचं होईल. गुणिले १३५, म्हणजे ८.३७ एमएलडी. वितरणातली गळती १५ टक्के धरली तर केंद्रातून ९.८५ निघायला हवं. फिल्टर धुणं आणि गाळ सोडणं यात पाचेक टक्के जातं, म्हणजे नदीतून उचलायचं सुमारे १०.४. साहेबांचा ‘दहा’चा आकडा अंदाजपंचे असला तरी बरोबर निघाला. असंही होतं कधीकधी.

गळती १५ टक्के हे मात्र पुस्तकातलं. तुमच्या गावात ती चाळीस असेल तर आधी गळती. गळक्या बादलीला मोठा नळ लावून काय होणार?

नाशिक आणि त्र्यंबक रस्त्यावरच्या गावांसाठी एक जादा ओळ लिहा, सिंहस्थ. २०१५ च्या पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होत्या, २०२७ च्याही पावसाळ्यातच आहेत. म्हणजे वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी आणि वर्षातलं सगळ्यात गढूळ पाणी एकाच वेळी दारात. दहा एमएलडीचं केंद्र जानेवारीत दहा देईल. ऑगस्टमध्ये किती देईल, तो आकडा वेगळा काढा.

तिसरी पायरी: पाणी आहे का?

शुद्धीकरण केंद्र पाणी तयार करत नाही, असलेलं साफ करतं. हे वाक्य बाळबोध वाटेल, पण याच्याकडे काणाडोळा करून उभारलेली केंद्रं मी पाहिली आहेत. यंत्रं नवी कोरी, आणि नदीत दगड.

पाटबंधारे खातं एमएलडीत बोलत नाही, दशलक्ष घनफुटांत बोलतं. एक दशलक्ष घनफूट म्हणजे २८.३ दशलक्ष लिटर. आपले रोजचे १०.४ एमएलडी वर्षाला साधारण १३४ दशलक्ष घनफूट होतात. गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट आहे, त्यावरून तुमच्या मागणीचा अंदाज घ्या. वाढीव आरक्षणाची मंजुरी हातात पडेपर्यंत बाकीचे कागद हलवण्यात अर्थ नाही. शिवाय नाशिकची धरणं एकट्या नाशिकची नाहीत. समन्यायी वाटपाच्या नियमाप्रमाणे जायकवाडीत साठा कमी असला की वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. पाऊस कमी झाला की ऑक्टोबरमध्ये त्यावरून जे रान पेटतं ते दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांत वाचायला मिळतंच.

गाव कालव्यावर असेल तर हिशेब आणखी बदलतो. येवला, मनमाड यांना वर्षानुवर्षं पालखेड कालव्याच्या आवर्तनावर, म्हणजे ठरावीक काळाने सुटणाऱ्या पाण्यावर विसंबावं लागलं. अशा गावाला आवर्तनं लांबली तरी पुरेल असा साठवण तलाव आधी लागतो, त्यात बाष्पीभवन धरून. तलाव न वाढवता केंद्र दुप्पट केलं तर तलाव निम्म्या दिवसांत रिकामा होईल, एवढाच विस्तार.

चौथी पायरी: आपल्या पाण्याची ओळख

इथे वेळ घालवा. वर्षभराचा वेळ मिळाला तर सोनंच. पण जूनचा शेवट, ऑगस्ट, डिसेंबर आणि मे या चार वेळांचे नमुने तरी हवेतच.

पहिल्या पावसाचं पाणी लाल येतं. ब्रह्मगिरीकडच्या उतारांवरची माती घेऊन नदी उतरते आणि दोन दिवसांत गढूळता शेकड्यांत जाते. गंमत म्हणजे हे पाणी साफ करायला सोपं. कण भरपूर असतात, तुरटी पडली की ते एकमेकांना चिकटतात आणि खाली बसतात. खरा त्रास डिसेंबरात. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, पाणी थंड आणि वरवर स्वच्छ. थंड पाणी दाट होतं, कण कमी, गुठळी धरत नाही, धरली तरी बसत नाही. आणि मे महिन्यात साठवण तलावावर शेवाळ. दुपारी पीएच चढतो, फिल्टर चार तासांत तुंबतो, नळाला मातकट वास येतो. एकाच केंद्रात वर्षाला तीन वेगवेगळी पाणी येतात असं समजूनच संकल्प करायचा.

पाणी उचलायची जागाही बघा. धरणातून थेट आलेलं पाणी आणि गावाखालच्या बंधाऱ्यातलं पाणी यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. नाशिकसाठी मुकणे धरणातून थेट जलवाहिनीने विल्होळीच्या केंद्रात पाणी आणलं, ते पहिल्या प्रकारचं. जॅकवेलच्या वर कुठला नाला मिळतो, ते नकाशावर नाही, पायी जाऊन बघा.

जार टेस्ट, म्हणजे तुरटीची मात्रा ठरवायची चाचणी, स्वतःच्या हाताने करा. ढवळायच्या मशीनखाली एक लिटरची सहा भांडी, सगळ्यांत तेच कच्चं पाणी. तुरटीचं एक टक्का द्रावण करा, म्हणजे लिटरमध्ये दहा ग्रॅम. या द्रावणाचा एक मिलिलिटर एका लिटर पाण्यात घातला की मात्रा झाली दहा मिलिग्रॅम. पहिल्या भांड्यात एक, दुसऱ्यात दोन, असं चढत जा. एक मिनिट जोरात ढवळा, मग पंधरा मिनिटं अगदी सावकाश. पाती फिरत असतानाच वाकून बघा. तिसऱ्या-चौथ्या भांड्यात आधी धुकं जमल्यासारखं दिसतं, मग त्यात मोहरीएवढे पांढुरके पुंजके तरंगायला लागतात. मशीन थांबवा. पुंजके पाण्याच्या मधोमध रेंगाळले तर मात्रा कमी. सरळ खाली उतरले आणि वरचं पाणी इतकं नितळ झालं की भांड्यामागचा छापील कागद वाचता येतो, तर तीच मात्रा. त्याच्या पुढच्या भांड्यांत तुरटी वाया जाते आणि कधीकधी पाणी पुन्हा धुरकटही होतं. अर्ध्या तासाने वरच्या पाण्याची गढूळता मोजा. तेच पाणी घेऊन पॅक, म्हणजे तुरटीऐवजी वापरतात त्या पॉली ॲल्युमिनियम क्लोराईडची चाचणी करा. थंडीत पॅक सरस ठरतं असा माझा अनुभव, पण तुमच्या पाण्याला विचारा, मला नको.

एक सोपं सूत्र पाठ करा. एक एमएलडी पाण्याला एक मिलिग्रॅम मात्रा म्हणजे दिवसाला एक किलो. दहा एमएलडीला चाळीसची मात्रा लागली तर रोज चारशे किलो तुरटी. क्लोरीन दोनच्या मात्रेने वीस किलो, म्हणजे नऊशे किलोचा टोनर (क्लोरीनची मोठी टाकी) दीड महिना. आता सध्याचं गोदाम बघून या. पावसाळ्यात महिनाभराचा साठा मावेल का तिथे? बहुतेक प्रस्तावांत गोदाम विसरलेलं असतं.

पाचवी पायरी: जुन्यातून किती काढता येतं

पाच एमएलडीचं केंद्र बावीस तास चाललं तर तासाला २२७ घनमीटर. रॅपिड सँड फिल्टरला (वाळूच्या गाळणीला) ताशी पाच मीटरचा, म्हणजे दर चौरस मीटरमागे तासाला पाच घनमीटरचा दर धरला तर ४५ चौरस मीटर वाळू, म्हणजे सव्वाअकरा चौरस मीटरचे चार बेड. क्लॅरिफायरला दर चौरस मीटरमागे दिवसाला तीस ते चाळीस घनमीटर. जुन्या काळी हात राखून बांधलेलं असतं, त्यामुळे तुमच्याकडे थोडं जास्तच निघेल.

क्लॅरिफायरमध्ये ट्यूब सेटलर बसवता येतात. साठ अंशांत तिरक्या लावलेल्या पीव्हीसी नळ्यांचे गठ्ठे. कणाला तीन मीटर खाली जाण्याऐवजी नळीच्या तळापर्यंत काही सेंटिमीटरच उतरायचं असतं, मग तो घसरत खाली जातो. त्याच टाकीतून जवळपास दुप्पट पाणी निघू शकतं, नवी जागा लागत नाही, काम काही आठवड्यांचं. दोन अटी. एक, खालचा गाळ ओढणारा स्क्रेपर ठणठणीत हवा, कारण गाळही दुप्पट पडणार. दुसरी, नळ्यांवर उन्हाळ्यात शेवाळ चढतं, ते दर आठवड्याला पाइपने धुवावं लागतं. हे धुणार कोण, त्याचं नाव आताच ठरवा.

फिल्टरमध्ये दुहेरी माध्यम भरता येतं, खाली बारीक वाळू आणि वर जाड, हलक्या दाण्यांचा थर. त्या वरच्या थरासाठी नारळाच्या करवंटीचा चुरा वापरायची युक्ती महाराष्ट्रातच घडली. जे. एन. कर्डिले या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात रामटेकच्या केंद्रात ती वापरली, मग वरणगावला, आणि पुढे आपल्या निफाड तालुक्यातल्या चांदोरीला. वरचा जाड थर बहुतेक गाळ पोटात घेतो, वाळूचा पृष्ठभाग लगेच तुंबत नाही, त्यामुळे ताशी सात मीटरच्या आसपासचा दर झेपतो. आपल्या उदाहरणात चार बेडचे सहा केले, ६८ चौरस मीटर झाले, तर दहा एमएलडीच्या ताशी ४५५ घनमीटरला दर येतो ६.७. म्हणजे दुप्पट केंद्रासाठी दुप्पट फिल्टर लागले नाहीत, दीडपटीत भागलं.

सहावी पायरी: जिथे सगळे अडखळतात

यात पहिला नंबर माझाच.

एका गावात आम्ही अगदी असेच दोन बेड वाढवले. सव्वाअकरा चौरस मीटरचा बेड दहा मिनिटं धुवायला साधारण सत्तर घनमीटर पाणी लागतं. धुण्याच्या पाण्याची वरची टाकी जेमतेम तेवढीच होती आणि ती भरणारा पंप तासाला पंधरा घनमीटरचा. एकदा धुतलं की टाकी भरायला साडेचार तास. उद्घाटन मार्चमध्ये झालं, सगळं छान. जुलैत लाल पाणी आलं आणि सहाही बेड बारा तासांत तुंबायला लागले. बारा तासांत टाकी भरायची अडीच वेळा. उरलेले बेड तसेच तुंबलेले. ऑपरेटर काका रात्री अडीचला फोनवर म्हणाले, “साहेब, बेड वाढवलेत, पण आंघोळीचं पाणी वाढवलंच नाहीत.” तो पंप बदलायला जो खर्च आला तो सांगितला तर हसाल, इतका कमी होता. पण सहा आठवडे गाव अर्ध्या पाण्यावर राहिलं.

दुसरी अडचण पाइपांची. क्लॅरिफायर ते फिल्टर साडेतीनशे मिलिमीटरचा पाइप असेल तर २२७ घनमीटरला वेग सेकंदाला पाऊण मीटरच्या आत राहतो. पाणी दुप्पट केलं की वेग १.३ मीटर आणि दाबघट चौपट. म्हणजे क्लॅरिफायर काठावरून वाहणार, आणि कष्टाने बांधलेली गुठळी पाइपात फुटून फिल्टरवर येणार. जुन्या पाइपाला समांतर दुसरा टाका. लेव्हल घेताना जुन्या नकाशावर विश्वास ठेवू नका, दुर्बीण लावून स्वतः घ्या.

क्लोरीनला संपात किमान अर्धा तास मिळायला हवा. प्रवाह दुप्पट झाला की तोच संप निम्मा वेळ देतो. संप वाढवा नाहीतर मध्ये आडव्या भिंती घालून पाण्याला वळणं द्या. टोनरची खोली हवेशीर आणि वस्तीपासून लांब. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो, म्हणून गळती झाली तर वाऱ्याच्या उलट दिशेने आणि चढाकडे जायचं, हे शिपायापासून सगळ्यांना तोंडपाठ हवं.

जमिनीचंही बघा. गोदाकाठच्या काळ्या मातीवर टाकी बसवायची नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि टाकीलाही भेगा देते. मुरूम लागेपर्यंत खणा. काळा पाषाण लागला तर खोदाईचा खर्च वाढतो, म्हणून चाचणी खड्डे अंदाजपत्रकाआधी घ्या.

धुतलेलं पाणी आणि गाळ नाल्यात सोडायचा जमाना गेला. धुण्याचं पाणी एका टाकीत निवळून पुन्हा फ्लॅश मिक्सरला आणा, रोजचे तीनेक लाख लिटर वाचतात. गाळाला वाळवण वाफे ठेवा.

सातवी पायरी: कागद

थोडक्यात सांगतो, कारण हे तुम्हाला कार्यालयातले लिपिक माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील. पाण्याचं आरक्षण, सर्वेक्षण, अंदाजपत्रक, सभेचा ठराव, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची तांत्रिक मान्यता, शासनाची प्रशासकीय मान्यता, निविदा. निधीला राज्याची नगरोत्थान योजना आहे, आणि २०२१ मध्ये आलेल्या अमृत २.० या योजनेत एक लाखाखालच्या शहरांना केंद्र सरकारचा वाटा निम्मा होता. उरलेल्या पैशांत नगरपरिषदेचा हिस्सा कुठून येणार ते लेखापालांना आधीच विचारा. निविदेत तीन गोष्टी शब्दांत लिहून घ्या. पावसाळ्यासह वर्षभर ठेकेदाराने केंद्र चालवून दाखवायचं, फिल्टरमधून निघणाऱ्या पाण्याची गढूळता एक एनटीयूच्या (हे गढूळतेचं माप) आत, आणि चालू पुरवठा बंद ठेवण्याचे तास मोजके.

आठवी पायरी: चालू घरात दुरुस्ती

जुना आणि नवा भाग जोडायला पाणी बंद करावंच लागतं. नाशिककरांना ‘शनिवारी पाणी नाही, रविवारी सकाळी कमी दाबाने’ ही सूचना इतकी सवयीची आहे की शुक्रवारी रात्री आपोआप पिंपं भरली जातात. तुम्हीही एक वार ठरवा आणि तोच ठेवा. पण बंदच्या आधी सगळे तुकडे, बोल्ट, गास्केट जागेवर मांडून एकदा कोरडी जुळवणी करून बघा. संध्याकाळी सहाला एक फ्लँज (पाइप जोडायची चकती) बसत नाही म्हणून गाव दोन दिवस कोरडं राहिलेलं मी पाहिलंय. लग्नाची तीथ आणि परीक्षेचे दिवस टाळा. बेड एकेक करून बदला, चारपैकी तीन सतत चालू हवेत.

नवी टाकी, नवी वाळू तशीच जोडायची नाही. वाळू पाणी नितळ येईपर्यंत उलटी धुवा, मग क्लोरीनचं तीव्र द्रावण दिवसभर भरून ठेवा, काढून टाका, पुन्हा धुवा. नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवा. शंभर मिलिलिटरमध्ये ई-कोलाय शून्य असा अहवाल हातात आल्यावरच व्हॉल्व्ह उघडा. पुढारी कितीही घाईत असले तरी.

पहिल्या दिवशी दहा एमएलडी घेऊ नका. सहा, मग सात, असं आठवड्याला एकेक चढवा आणि प्रत्येक टप्प्याला प्रत्येक फिल्टरच्या पाण्याची गढूळता वेगळी नोंदवा. एकत्रित आकड्यात बिघडलेला बेड लपतो. गावाच्या शेवटच्या नळाला व्हॉल्व्हमनसोबत जाऊन क्लोरीन तपासा, लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी उरलं पाहिजे. जलवाहिन्यांत पाण्याचा वेग वाढला की आत वर्षानुवर्षं बसलेला गंज आणि गाळ सुटतो, त्यामुळे पहिले काही दिवस नळाला तांबूस पाणी येईल. तसं दवंडीने, व्हॉट्सअॅपने आधीच सांगा, आणि वॉश आउट (वाहिनीतला गाळ बाहेर सोडायचे व्हॉल्व्ह) उघडून वाहिन्या धुऊन घ्या.

मार्चमध्ये केंद्र सुरू झालं असेल तर जून उजाडायच्या आत बेड लागोपाठ धुऊन बघा, टाकी किती वेळात भरते ते घड्याळ लावून लिहा, आणि तो कागद रात्रपाळीच्या काकांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा.